साक्षीदार क्रमांक तीन

आमची विहीर सामाईक आहे. पप्पा आणि मोठे काका वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली गेली, बैल वाटले गेले, विहीर तेवढी वाटता आली नाही. मग पाळी ठरली. एक दिवस आमची मोटर चालायची, एक दिवस त्यांची. पण एक गोष्ट ठरवायची राहून गेली. आपल्या पाळीच्या दिवशी लाईनच गेली, तर ती पाळी बुडाली समजायची की दुसऱ्या दिवशी भरून घ्यायची? बरीच वर्षं हे ठरवायची गरजच पडली नाही. दोघं भाऊ आपसात बोलून घ्यायचे. ज्या वर्षी दोन्ही शेतांत हळद होती आणि दिवाळीतच विहिरीचं पाणी तळाला गेलं, त्या वर्षी ती गरज पडली.

मी तेव्हा बारावीला होते आणि हॉस्टेलवरून सुट्टीला घरी आले होते. दुपारी पप्पांचा डबा घेऊन मी विहिरीवर गेले. आदल्या दिवशी आमची पाळी होती आणि दिवसभर लाईन नव्हती. आज काकांची पाळी होती, तरी पप्पांनी आमची मोटर लावली होती. मी डबा बाभळीच्या फांदीला अडकवत होते तेवढ्यात दादा आला.

दादा म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गावातून इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच होते. शाळेची गाडी गावात यायची नाही, सेनगावच्या रस्त्याला फाट्यावर थांबायची. पहिलीपासून सातवीपर्यंत दादानं मला रोज सायकलवर फाट्यापर्यंत सोडलं, आणि मग स्वतःच्या शाळेत उशिरा पोचून मार खाल्ला. रस्त्यात तो माझ्याकडून कविता म्हणवून घ्यायचा. त्याला इंग्रजी कळायचं नाही, पण चाल चुकली की बरोबर कळायचं. पुढे मी हॉस्टेलला गेले आणि तो पोलीस भरतीच्या मागे लागला. पहाटे उठून त्याच फाट्यापर्यंत पळत जायचा आणि पळत यायचा.

त्या दुपारी त्यानं स्टार्टरची पेटी उघडून आमची मोटर बंद केली. पप्पांनी ती पुन्हा चालू केली.

"काका, आज आमची पाळी हाय. तुमी कालचं आज काढून राहिले."

"काल लाईन काय माह्या घरी व्हती का?"

"मंग आमच्याबी घरी नव्हती ना."

एवढं होईपर्यंत पप्पांच्या ओठांवर हसू होतं, हे मी पाहिलं आहे. दादानं पुन्हा बटणाकडे हात नेला, पप्पांनी त्याचं मनगट धरलं, त्यानं ते सोडवून घेतलं. सोडवून घेताना हिसका बसला आणि पप्पा मागे गेले. मागे काटेरी तार होती. रानडुकरांसाठी आम्हीच लावलेली. कोपरापासून खाली त्यांचा हात फाटला.

दादाच्या हातात काहीही नव्हतं. त्यानं गळ्यातला रुमाल काढून पप्पांच्या हाताला बांधला, पप्पांना मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मला मागे धरून बसायला सांगितलं आणि आम्हाला सरकारी दवाखान्यात आणलं. सात टाके पडले. टाके पडेपर्यंत तो बाहेर उभा होता. पप्पा बाहेर आल्यावर म्हणाला, "चुकलं काका." पप्पा काही बोलले नाहीत.

बोलले असते तर इथेच संपलं असतं, असं मी बऱ्याचदा म्हणून पाहते.

गावात एक गृहस्थ आहेत. कुणालाही तहसीलला, पोलीस ठाण्याला, कुठंही जायचं असलं की ते सोबत जातात. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. संध्याकाळी ते आले, पट्टी बघितली आणि चहा पिता पिता पप्पांना कायदा समजावून सांगितला. नुसत्या ढकलाढकलीची एनसी होते. एनसीत पोलीस लिहून घेतात आणि कोर्टात जा म्हणून सांगतात, कुणाला साधं बोलावतसुद्धा नाहीत. केस अशी पाहिजे की दुसऱ्याच्या दारात गाडी गेली पाहिजे.

पप्पांना दादाला आत टाकायचं नव्हतं. त्यांना एवढंच पाहिजे होतं की मोठ्या भावानं येऊन बसावं आणि पाळीचं काय ते ठरवावं. मामांनी त्यांना तेच देऊ केलं. "आठ दिवसांत तुमचा भाऊ पाळीचं बोलायला येतो का न्हाई बघा. त्यो आला की केस मागं घ्या. आपलीच केस, आपुनच मागं घेयाची. तकलीफ काय त्याच्यात?"

आमच्याकडे बहुतेक सगळे असंच समजतात. गुरं दावणीला बांधावीत आणि वाटेल तेव्हा सोडावीत, तशी केस. मीही तेव्हा तसंच समजत होते.

ठाण्यात कॉम्प्युटरसमोर बसलेल्या हवालदारांनी पप्पांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्याच्या हातात काही होतं का. पप्पांच्या आधी मामा बोलले. "विळा व्हता." पप्पांनी मामांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पट्टीकडे पाहिलं. "व्हय," ते म्हणाले, "विळा व्हता."

मग हवालदार माझ्याकडे वळले. तू तिथं होतीस का? मी हो म्हणाले. विळा पाहिलास का?

मी कॉम्प्युटरच्या कीबोर्डकडे पाहिलं.

"इंग्लिश स्कूलची पोरगी हाय सायेब," मामा म्हणाले, "तिला खोटं बोलताच येत न्हाई."

सगळे हसले, हवालदारसुद्धा. आणि मी मान हलवली.

मी का मान हलवली, याचं एकच एक उत्तर माझ्याकडे नाही. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि गावात बोलले की पोरी माझ्या मराठीला हसायच्या, त्यामुळे दोन्हीकडे मान हलवून भागवायची मला सवय लागली होती. पण तेवढंच नव्हतं. पप्पांची पट्टी लाल झाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, पण ते न पाहता वाट पाहत होते, हे मला समजत होतं. मी ठाण्यात पहिल्यांदाच आले होते आणि मला घरी जायचं होतं. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही पुरेसं नाही. हवालदारांनी माझी सही घेतली नाही. सही घेतली नाही म्हणजे काही मोठं झालेलं नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस काकांच्या घरी गेले आणि गोठ्यातला विळा जप्त करून, कापडात गुंडाळून, लाखेचं सील लावून घेऊन गेले. विळा कुणाच्या गोठ्यात नसतो? काकूंनी त्यांना विचारलं म्हणे, "म्या आता गवत कशानं कापू, तेवढं लिवून द्या." ही गोष्ट गावात पुष्कळ दिवस हसून सांगितली जात होती. आमच्या घरात कुणी हसलं नाही.

दादाला जामीन मिळाला. आठ दिवस गेले, काका आले नाहीत. ज्या दिवशी फिर्यादीत पुतण्याच्या हातात विळा दिला त्या दिवशी भाऊ संपला, असा त्यांचा निरोप आला. त्यांनी उलट विहिरीसाठी दिवाणी दावा लावला, पाळीत अडथळा आणू नये म्हणून मनाई हुकूम मागितला. असे दोन खटले झाले, एकाच विहिरीचे.

बारावीनंतर मी शेजारच्या जिल्ह्यात कायद्याच्या पाच वर्षांच्या कोर्सला गेले. का गेले असं कुणी विचारलं तर मी मार्कांचं कारण सांगते.

पहिल्याच महिन्यात एका वयस्क सरांनी फळ्यावर उभी रेघ ओढली. एका बाजूला दिवाणी लिहिलं, दुसऱ्या बाजूला फौजदारी. ते बरीच वर्षं वकिली करून शिकवायला आले होते आणि अगदी सावकाश बोलायचे. एकाचं गुरू दुसऱ्याच्या पिकात शिरलं, तर नुकसान झालेला माणूस स्वतः दावा लावतो. तो वादी. दावा त्याचा आहे, त्याला वाटलं तर तो काढून घेऊ शकतो. पण एकानं दुसऱ्याला हत्यारानं मारलं, तर कायदा म्हणतो की हे फक्त त्या माणसाला मारलेलं नाही, सगळ्यांची शांतता मोडली आहे. म्हणून तिथे सरकार उभं राहतं. सरकार विरुद्ध आरोपी.

"मग ज्याला लागलं तो कोण?" सरांनी विचारलं. मग स्वतःच सांगितलं. "तो नुसता साक्षीदार. खटला त्याचा नाहीच. त्याला तो मागे घेता येत नाही."

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. तास संपल्यावर मी सरांच्या मागे जिन्यापर्यंत गेले. कॉलेजात मी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. काही गुन्हे आपसात मिटवता येतात ना, असं मी विचारलं. काही मिटतात, ते म्हणाले, साध्या मारहाणीचा मिटतो. कलम कोणतं? तीनशे चोवीस, मी म्हणाले. सर दोन पायऱ्या उतरले होते, ते थांबले.

"म्हणजे हत्यार आहे. नाही, ते आपसात मिटत नाही. हायकोर्टाच्या खंडपीठात जाऊन रद्द करून घ्यावं लागतं. कुणाचं आहे?"

मी म्हणाले, असंच विचारलं.

फिर्यादीतून हत्यार वगळलं असतं तर राहिली असती साधी दुखापत, आणि ती एका अर्जावर मिटली असती. हे मला पहिल्या वर्षीच समजलं. मी घरी सांगितलं नाही. सांगायचं तर विळ्याबद्दल बोलावं लागलं असतं, आणि विळ्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. पप्पा स्वतःसुद्धा आता "विळा लागला तेव्हा" असं सहज म्हणायचे. कधी कधी मला वाटायचं की त्यांना तसंच आठवायला लागलं आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना विहिरीचा दिवाणी दावा लोकअदालतीत आला. मी मुद्दाम गेले होते. समोर तडजोड घडवून आणणारे दोघेजण बसले होते. त्यांनी दोन्ही भावांना जवळ बसवलं आणि अर्ध्या तासात ते ठरवलं, जे ठरवायचं वाटणीपासून राहिलं होतं. लाईन गेली तर गेलेले तास दुसऱ्या दिवशी निम्मे निम्मे वाटून घ्यायचे. काकांनी सही केली, पप्पांनी सही केली. बाहेर येऊन दोघांनी एका गाड्यावर चहा घेतला. काकांनी पप्पांचा हात ओढून शर्टाची बाही वर केली आणि वण बघितला. "लईच लागलं व्हतं रे," ते म्हणाले. पप्पांनी बाही खाली ओढली.

मग काका पुन्हा आत गेले आणि त्या दोघांना म्हणाले, सायेब, आता आमचं मिटलं, त्याच झटक्यात पोराचंबी मिटवून टाका. त्यांनी कागद पाहिले आणि सांगितलं की ते आमच्या हातात नाही. काकांना समजेना. ते पप्पांकडे बघून म्हणाले, "आरं, तू सांग ना. केस तुहीच हाय ना?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

दोघांनी मिळून वकील गाठला. खंडपीठात जायचं का, असं मी हळूच विचारलं. एवढ्यासाठी कशाला, वकील म्हणाले. आपल्याकडे रोज होतं. तारीख लागली की सगळ्यांनी पिंजऱ्यात उभं राहायचं आणि आठवत नाही म्हणायचं. सरकारी वकील फितूर म्हणून जाहीर करतात, आरोपी सुटतो. काका आणि पप्पा दोघांनाही ते बरोबर वाटलं. तिघांनी चार शब्द बोलायचे, त्यात अवघड काय होतं?

तारीख लागायला आणखी दोन वर्षं गेली. त्या काळात कायद्यांची नावंसुद्धा बदलली, आमच्याकडे नवी आणि जुनी दोन्ही पुस्तकं होती, पण आमचा खटला जुन्याच कलमात चालला. दादा दर भरतीला फॉर्म भरायचा. आपल्यावर गुन्हा दाखल आहे का, या प्रश्नापुढे तो दर वेळी हो लिहायचा. मामांनी त्याला वेड्यात काढलं. दोनदा तो एक-दोन मार्कांनी राहिला. तिसऱ्यांदा मैदान आणि लेखी दोन्हीत पास झाला, यादीत नाव आलं. त्या वर्षानंतर त्याचं वय बसणार नव्हतं. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. तिथे खटल्याच्या निकालाची नक्कल द्यायची होती.

मी तेव्हा चौथ्या वर्षाला होते. लायब्ररीत बसून मी ते सगळं वाचून काढलं. सुटणं दोन तऱ्हेचं असतं. यानं गुन्हा केलाच नाही असं कोर्टाला दिसलं म्हणून सुटणं, आणि पुरावा पुरला नाही, संशय राहिला, म्हणून सुटणं. साक्षीदार फितूर झाल्यामुळे संशयाचा फायदा मिळाला असेल, तर असा माणूस पोलिसात घ्यायचा की नाही हे समिती ठरवते, आणि नाही म्हणू शकते. म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून आठवत नाही म्हटलं, तर दादा तुरुंगातून वाचणार होता आणि नोकरीतून जाणार होता.

विळा नव्हता, हे सांगू शकणारे फक्त तिघं होतो. आरोपीच्या बोलण्याला किंमत नसते. पप्पांनी सांगितलं तर खोटी फिर्याद दिली म्हणून त्यांच्यावरच येऊ शकलं असतं. उरले मी.

मी कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. हीच माझी वाईट खोड आहे.

तारखेच्या दिवशी आम्ही सगळे एकाच जीपने तालुक्याला गेलो. काकूंनी सगळ्यांसाठी दशम्या आणल्या होत्या. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. आत पप्पांची साक्ष चालली होती, मग जप्तीच्या पंचाची झाली. पंच म्हणजे मामाच. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, त्यांना काहीही आठवत नव्हतं. काका समाधानानं मान डोलवत होते. दादा आरोपी म्हणून आत उभा होता, मध्ये थोडा वेळ बाहेर आला आणि माझ्याजवळ येऊन बसला.

"बाई, घाबरू नको," तो म्हणाला. "माहीत न्हाई, एवढंच म्हण. पाच मिन्टात सुटशील."

तो मला धीर देत होता.

माझा पुकारा झाला. मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी नाव, वय, शिक्षण विचारलं. कायद्याच्या चौथ्या वर्षाला, असं सांगितल्यावर जज साहेबांनी मान वर करून पाहिलं. पप्पा मागच्या बाकावर बसलेले होते.

त्या दिवशी काय पाहिलं, असा प्रश्न आला. मी सांगायला लागले. पाळी, लाईन, स्टार्टर, मनगट, तार. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. जज साहेब दोनदा म्हणाले, मोठ्यानं बोला. आमचे वकील आधी कागद चाळत होते, मग त्यांनी चाळणं थांबवलं.

"आरोपीच्या हातात विळा होता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"नव्हता."

"विळा होता, असं तुम्ही पोलिसांना सांगितलंय."

"सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली होती. ती खोटी होती."

सरकारी वकिलांनी खांदे उडवले आणि मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. मग त्यांनी उलटतपास घेतला. तो त्यांचा पाठ असलेला प्रश्न होता, सकाळपासून सगळ्यांना तोच विचारला होता. "आरोपी तुमचा चुलत भाऊ आहे, तुमच्यात तडजोड झाली आहे, म्हणून तुम्ही आज खोटं सांगत आहात?"

या प्रश्नाला सगळे "हे खरं नाही" असंच म्हणतात. पण मी खरं बोलायचं ठरवून आले होते.

"तडजोड झाली आहे, हे खरं आहे," मी म्हणाले. "पण मी खोटं सांगत नाही."

टायपिस्टनं तेही टाइप केलं. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. मला विचारायला त्यांच्याकडे प्रश्न नव्हता. मी पिंजऱ्यातून उतरले तेव्हा पप्पांनी मान खाली घातलेली होती. त्यांचा उजवा हात डाव्या हाताच्या बाहीवर होता. जज साहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पण काही म्हणाले नाहीत. पुढे पप्पांवर काहीही कारवाई झाली नाही. ते त्या वेळी त्यांना माहीत नव्हतं.

परतताना जीपमध्ये काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. नर्सीच्या फाट्याला पप्पांनी गाडी थांबवायला सांगितली. इथं काम हाय माहं, म्हणाले आणि उतरले. त्यांचं तिथं काही काम नव्हतं. अंधार पडायच्या आत चालत घरी आले. तेव्हापासून त्यांना माझ्याशी बोलायचं असलं की ते मम्मीला सांगतात. पोरीला म्हणाव जेवून घे. पोरीला विचार गाडी कितीची हाय. रागावून नाही, अगदी साध्या आवाजात. भर कोर्टात त्यांना खोटं पाडायच्या आधी मी एकदा घरात त्यांच्याशी बोलायला पाहिजे होतं. ते नको म्हणाले असते, आणि मी ऐकलं असतं. म्हणून बोलले नाही.

निकाल लागला. दादा सुटला. गावात पेढे वाटले गेले, आमच्या घरी पेढे घेऊन काका स्वतः आले. निकालाची नक्कल दादानं पडताळणीसाठी दिली, ती मी पाहिली नव्हती.

दोन महिन्यांनी तो आमच्याकडे आला. मी परीक्षा संपवून घरी होते. सकाळचे दहा वाजले असतील. तो ओसरीच्या पायरीवरच बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही. त्याच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद होते. एक पत्र मराठीत होतं, ते त्यानं वाचलं होतं. निवड रद्द. दुसरा निकाल, तो इंग्रजीत होता.

"येवढं मराठीत सांग," तो म्हणाला. "पत्रात म्हणतेत, निकालात लिव्हलंय त्याच्यामुळं. काय लिव्हलंय तेच मला माहीत न्हाई."

मी सुरुवातीपासून वाचायला लागले. एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत. निकाल साडेतीन पानांचा होता. फिर्याद काय होती, कलम कोणतं, मुद्दे कोणते. घरात पंखा खडखडत होता आणि पप्पा तिथेच बाजेवर पडलेले होते. मी तिसऱ्या पानावर आले तेव्हा आतून कुणीतरी पंख्याचं बटण बंद केल्याचा आवाज आला. कुणी बाहेर आलं नाही.

"साक्षीदार क्रमांक एक यांनी सरकार पक्षाला पाठिंबा दिला नाही," मी वाचलं. "साक्षीदार क्रमांक दोन यांनीही दिला नाही."

"ते काका आन् मामा. तू?"

"साक्षीदार क्रमांक तीन हिनेही पाठिंबा दिला नाही. तिन्ही साक्षीदार फितूर झाले. त्यांच्यात तडजोड झाल्याचं क्रमांक तीननं मान्य केलं आहे. सबब आरोपीस संशयाचा फायदा देण्यात येतो."

"आन् तारेचं? विळा नव्हता, ते?"

मी पान उलटलं. शेवटच्या पानावर फक्त हुकूम होता. आरोपीस मुक्त करण्यात येत आहे. जप्त मुद्देमाल, एक विळा, अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. मी पुन्हा मागे जाऊन तिसरं पान वाचलं, मनातल्या मनात. एखादी ओळ सुटली असेल असं मला वाटलं.

"नाही," मी म्हणाले.

"तू तं लई वेळ बोलली व्हतीस."

"माझी साक्ष फाइलला असते, वेगळी. पूर्ण लिहिलेली असते. निकालात सगळं घेत नाहीत."

"ती दिली तं काही व्हईन का?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं. पोलिसांपुढे एक आणि कोर्टात दुसरं सांगणारा साक्षीदार आपल्याकडे फितूरच. तो आधी खोटं बोलला होता की नंतर, हे त्या शब्दातून दिसत नाही. मी खरं बोलले ते मामांच्या आठवत नाहीच्या रांगेत जाऊन बसलं होतं, आणि तडजोडीचं खरं बोलले तेवढं मात्र कामाला आलं होतं, त्याच्याविरुद्ध. हे मी त्याला सांगायला पाहिजे होतं. वर अर्ज करता येतो, लिहून बघू, असं मी म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघून त्याला जे समजायचं ते समजलं. लहानपणी माझी चाल चुकलेली त्याला अशीच समजायची.

त्यानं पत्राची घडी करून माझ्यासमोर ठेवली. मग उठला, चपला घातल्या. मी कागद पिशवीत घालून त्याला द्यायला गेले.

"राहू दे तुह्याजवळ," तो म्हणाला. "मला काय करायचे? तुला अभ्यासाला व्हतील."

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटलं होतं, की कागद वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावेत. मी ते घेतले.